पेपर शेअर करून त्यावर खरोखर चर्चा होईल असा ऑनलाइन गट कसा उभा करावा?

अर्धविराम

जैवभौतिकी आणि पेशीजीवशास्त्रातल्या चाळीसेक संशोधकांचा गट आहे. सगळे वेगवेगळ्या संस्थांत, वेळेचे पट्टेही वेगळे. सध्या सगळा कारभार व्हॉट्सअ‍ॅपवर चालतो. कुणीतरी लिंक टाकतं, दोन अंगठे येतात, लिंक वर सरकते आणि विषय संपतो. महिन्याभराने तोच पेपर दुसरं कुणीतरी "हे पाहिलंत का?" म्हणून पुन्हा टाकतं.

नेमके प्रश्न असे:

१. चर्चेसाठी कोणतं साधन घ्यावं, आणि पेपर कुठे साठवावेत?
२. पेपरची पीडीएफ गटात टाकली तर कायद्याने चालते का? बंद गट असेल तर?
३. चर्चेत एखाद्या छापून आलेल्या पेपरमध्ये गंभीर चूक सापडली तर ती कुठे मांडावी? नाव देऊन की निनावी?
४. असे गट दोन-तीन महिन्यांत थंड का पडतात?

"अमुक अ‍ॅप भारी आहे" इतकंच नको, सेटिंग आणि अडचणींसकट सांगितलंत तर बरं.

तळटीप

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

पेपर साठवणं, पेपरच्या ओळींवर खुणा करणं आणि पेपरबद्दल बोलणं ही तीन वेगळी कामं आहेत. तिन्ही एका चॅटवर टाकली की तुमचं झालंय तेच होतं.

बोलण्यासाठी: झुलिप घ्या. तिथे प्रत्येक संदेशाला चॅनेलखाली एक विषय देता येतो, त्यामुळे एका पेपरची चर्चा एका विषयात राहते आणि कुणी तीन आठवड्यांनी उत्तर दिलं तरी ते त्याच जागी जाऊन बसतं. वेळेचे पट्टे वेगळे असलेल्या गटाला हाच मोठा फायदा. 'लीन' या गणिती सिद्धता तपासणाऱ्या प्रणालीची जगभरची मंडळी तिथेच बोलतात, आणि बरेच जुने विषय लॉगिन न करताही वाचता येतात. संशोधनगटांना झुलिप बऱ्याचदा मोफत सवलत देतं, त्यासाठी अर्ज करावा लागतो. स्लॅकच्या फुकट योजनेत ९० दिवसांपलीकडचे संदेश दिसत नाहीत आणि वर्षापेक्षा जुने कायमचे पुसले जातात. पेपरचर्चेचं मोल दीड वर्षाने कळतं, म्हणून फुकटातलं स्लॅक या कामाला निरुपयोगी. डिस्कॉर्डवर जुनं टिकतं, पण बोलण्याचा ओघ इतका वेगवान असतो की लांब युक्तिवाद वाहून जातो.

साठवण्यासाठी: झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधला गट. संकेतस्थळावर 'ग्रुप्स'मध्ये जाऊन नवा गट करताना तीन प्रकार दिसतात: सार्वजनिक आणि खुलं सदस्यत्व, सार्वजनिक पण बंद सदस्यत्व, आणि खासगी. इथे बरेच जण फसतात. पहिल्या प्रकारात फाइल साठवताच येत नाहीत, फक्त नोंदी ठेवता येतात. कॉपीराइटच्या भानगडी नकोत म्हणून ती सोय मुद्दाम बंद ठेवलेली आहे. तुम्हाला दुसरा किंवा तिसरा प्रकार लागेल. पुढे लायब्ररी सेटिंगमध्ये नोंदी बदलण्याचा आणि फाइल बदलण्याचा अधिकार वेगवेगळा देता येतो. नोंदी सगळ्यांना, फाइल फक्त अ‍ॅडमिनना, असं सुरुवातीला ठेवा.

फाइलची जागा गटाच्या मालकाच्या खात्यातून मोजली जाते आणि फुकट ३०० एमबी मिळते. दोन-अडीच एमबीच्या पीडीएफ धरल्या तर सव्वाशे-दीडशे पेपर बसतात. पण झोटेरो आपसूक पुरवणी फाइलही ओढतं असेल तर एकेक २०-३० एमबीची पुरवणी येते आणि जागा पटकन भरते. भरली की नोंदी सिंक होत राहतात, फाइल होत नाहीत. मग अर्ध्या लोकांना पेपर दिसतो, उघडत मात्र नाही, आणि "माझ्याकडे चालतंय" हा वाद सुरू होतो. आणखी एक: स्वतःच्या लायब्ररीतून गटात ओढलेली नोंद ही प्रत असते. नंतर तुमच्याकडे केलेली दुरुस्ती गटात जात नाही.

झोटेरो मागे घेतलेले पेपर रिट्रॅक्शन वॉचच्या यादीशी ताडून पाहतं आणि नोंदीवर लाल खूण करतं. गटाच्या लायब्ररीसाठी एवढं एक कारणही पुरेसं आहे.

खुणांसाठी: 'हायपोथेसिस'. खासगी गट बनवून निमंत्रणाची लिंक पाठवायची. ती लिंक ज्याच्या हाती पडेल तो आत येऊ शकतो, म्हणून ती उघड्यावर टाकू नका. खूण करताना वरच्या पट्टीत 'पब्लिक' निवडलेलं राहिलं तर टिपण जगजाहीर होतं, तेही सीसी-झिरोखाली, म्हणजे कुणीही कसंही वापरावं. नव्या सदस्याला पहिल्याच दिवशी ही पट्टी दाखवून द्या.

मुक्तपरवाना

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "बंद गट आहे म्हणून चालतं" असं नाही. चाळीस जणांचा, वेगवेगळ्या संस्थांतला गट म्हणजे प्रयोगशाळेतल्या शेजाऱ्याला दिलेली प्रत नव्हे.

आधी पेपरची कोणती आवृत्ती हातात आहे ते पाहायचं. जर्नलकडे जाण्याआधीचा प्रीप्रिंट, रिव्ह्यूनंतर स्वीकारलेला पण जर्नलच्या मांडणीत न बसवलेला मसुदा, आणि प्रकाशकाने छापलेली अंतिम आवृत्ती. बहुतेक प्रकाशक पहिल्या दोन्हींबाबत लेखकाला काही ना काही मोकळीक देतात, दुसऱ्याला बऱ्याचदा काही महिन्यांच्या बंदीनंतर. भांडण होतं ते तिसऱ्यावर. रिसर्चगेटवर एल्सव्हिअर आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी २०१७ साली खटला भरला तो याच तिसऱ्या प्रकारच्या प्रतींवरून. तडजोड व्हायला २०२३ उजाडलं. कुठलं जर्नल काय चालवून घेतं हे 'शेर्पा रोमिओ'वर जर्नलचं नाव टाकून बघता येतं. हल्ली ते जिस्कच्या 'ओपन पॉलिसी फाइंडर'मध्ये आहे.

परवाना सीसी बाय असेल तर श्रेय देऊन बिनधास्त शेअर करा. पण आर्काइव्हवर (arXiv, प्रीप्रिंट ठेवायची खुली साइट) फुकट मिळतोय म्हणजे पेपर मुक्त आहे, असं नाही. तिथे बरेच लेखक जो साधा परवाना निवडतात तो फक्त आर्काइव्हला वाटपाचा हक्क देतो, तुम्हाला नाही. म्हणून आर्काइव्हची पीडीएफ दुसरीकडे चढवू नका, लिंक द्या. शिवाय लिंक देताना पीडीएफची नको, सारांशाच्या पानाची द्या. तिथे आवृत्त्यांचा इतिहास दिसतो. चर्चा एखाद्या ठरावीक आवृत्तीवर असेल तर लिंकच्या शेवटी व्ही१, व्ही२ लावा, कारण आकडा न लावलेली लिंक कायम ताज्या आवृत्तीवर जाते. समीकरण ७ वर वाद घालून झाल्यावर कळतं की निम्म्या लोकांच्या प्रतीत समीकरण ७ वेगळंच आहे.

तेव्हा तळटीप यांनी सुचवलेल्या झोटेरो गटात सरसकट पीडीएफ टाकू नका. नोंद, डीओआय (पेपरचा कायमचा ओळखक्रमांक), आणि कायदेशीर मोफत प्रतीची लिंक एवढं पुरतं. 'अनपेवॉल'चं ब्राउझर एक्स्टेंशन अशी प्रत असेल तर शोधून देतं. नसेल तर लेखकाला दोन ओळींचा ईमेल टाका. बहुतेक जर्नलांत लेखकाला मागणाऱ्याला खासगीत प्रत पाठवायची मुभा असते. एल्सव्हिअर तर लेखकाला ५० दिवस चालणारी मोफत लिंकही देतं.

आणि हे न विचारता सांगतो: तुमच्यापैकी कुणाकडे जर्नलने रिव्ह्यूसाठी पाठवलेलं हस्तलिखित असेल तर ते गटात आणायचं नाही. नाव झाकूनही नाही, "नुसती एक आकृती दाखवतो" म्हणूनही नाही. ते गोपनीय असतं. एआय साधनात चढवून सारांश काढणंही त्यातच मोडतं.

अर्धविराम

दोघांचेही आभार. हायपोथेसिस चार जणांनी लगेच लावून पाहिलं. तिघांना एकमेकांच्या खुणा दिसतात, चौथ्याला एकही नाही. गट तोच, पेपर तोच, पट्टीतही गटाचंच नाव निवडलेलं आहे. काय चुकत असेल?

तळटीप

चौथ्याची पीडीएफ वेगळी आहे.

हायपोथेसिस पीडीएफ ओळखतं ते फाइलच्या नावावरून नाही, तर फाइलच्या आत दडलेल्या ओळखक्रमांकावरून. त्यामुळे चौघांनी एकच फाइल आपापल्या संगणकावर उघडली तरी खुणा एकत्र दिसतात. पण कुणी ती फाइल आकार कमी करणाऱ्या साइटवरून फिरवून आणली, किंवा 'प्रिंट'मधून पुन्हा पीडीएफ म्हणून जतन केली, की क्रमांक बदलतो आणि हायपोथेसिसच्या दृष्टीने तो वेगळाच दस्तऐवज होतो. दुसरी शक्यता म्हणजे तिघांनी प्रीप्रिंट उघडलाय आणि चौथ्याने जर्नलची प्रत.

उपाय सोपा: झोटेरोच्या नोंदीत एकच लिंक "चर्चेची प्रत" म्हणून ठरवा आणि सगळ्यांनी तीच उघडायची.

क्रोममध्ये संगणकावरची फाइल उघडत असाल तर एक्स्टेंशनच्या तपशिलात जाऊन फाइल वाचायची परवानगी चालू करावी लागते, ती मुळात बंद असते. आणि जुना पेपर नुसता स्कॅन असेल तर त्यातला मजकूर निवडताच येत नाही, आधी ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणं) करून घ्या. ओसीआरने क्रमांक बदलू शकतो, म्हणून ते एकानेच करायचं आणि तीच प्रत सगळ्यांनी घ्यायची.

बेरीजवजाबाकी

प्रश्न तीन.

चूक कुठे मांडायची हे पेपर कुठल्या टप्प्यावर आहे त्यावर ठरतं. प्रीप्रिंट असेल तर सर्वांत जास्त उपयोग तिथेच. बायोआर्काइव्हवर (जीवशास्त्राच्या प्रीप्रिंटची साइट) पेपरच्याच पानावर टिप्पणी करता येते, आणि जर्नलने स्वीकारेपर्यंत लेखकाला सुधारित आवृत्ती टाकता येते, म्हणजे दुरुस्तीला वाव असतो. ३१ जानेवारी २०२० ला तिथे एक प्रीप्रिंट आला. नव्या करोनाविषाणूच्या काट्यांच्या प्रथिनात एचआयव्हीशी जुळणारे तुकडे घुसलेत, असा दावा होता. हे तुकडे इतके आखूड आहेत की ते कितीतरी इतर जीवांतही सापडतात, हे वाचकांनी टिप्पण्यांतून आणि ट्विटरवरून दाखवलं आणि दोन दिवसांत लेखकांनी पेपर मागे घेतला. जर्नलच्या वाटेने याला महिने लागले असते.

गटाने मिळून प्रीप्रिंटचं नीट परीक्षण लिहिलं असेल तर ते प्रीरिव्ह्यूवर टाका. ऑर्किडने (संशोधकांचा ओळखक्रमांक) लॉगिन करायचं, एका परीक्षणाला अनेक लेखक जोडता येतात, टोपणनावही चालतं, आणि त्याला स्वतंत्र डीओआय मिळतो. तरुण संशोधकांना तो आपल्या कामाच्या यादीत दाखवता येतो.

छापून झालेल्या पेपरसाठी पबपीअर. २०१२ पासून आहे, निनावी लिहिता येतं, निनावी टिप्पण्या तपासून मग प्रसिद्ध होतात. लेखकाला कळवलं जातं आणि तो तिथेच उत्तर देऊ शकतो. तिथला मुख्य नियम: जे कुणालाही पेपर उघडून पडताळता येईल तेवढंच लिहायचं. लेखकाच्या हेतूबद्दल एक अक्षर नाही. "आकृती ३ब मधला दुसरा पट्टा आणि ५अ मधला चौथा पट्टा १८० अंशात फिरवल्यास एकसारखे दिसतात, मूळ प्रतिमा देता येतील का?" ही चांगली टिप्पणी. "हा सरळसरळ बनाव आहे" ही तपासणीतच अडकते, आणि अडकायलाच हवी.

आकड्यांतल्या चुका दाखवणं सगळ्यांत सुरक्षित, कारण त्यात मताचा प्रश्नच येत नाही. ग्रिम नावाची चाचणी शिकून घ्या, कागद-पेन्सिलीवर होते. समजा पेपरमध्ये लिहिलंय: २५ जणांना १ ते ५ असं पूर्ण अंकांत गुण द्यायला सांगितलं, सरासरी ३.४७. आता बेरीज किती असेल? ३.४७ गुणिले २५ म्हणजे ८६.७५. पण बेरीज पूर्ण संख्याच असणार. ८६ असेल तर सरासरी ३.४४, ८७ असेल तर ३.४८. म्हणजे २५ जणांत ३.४७ येऊच शकत नाही.

पण लगेच बोट रोखू नका. कुणी उत्तर दिलं नसेल तर माणसं २५ नसून २४ किंवा २३ असतील. २३ घेतलं तर ८० भागिले २३ म्हणजे ३.४७८, दोन दशांशांत ३.४८. २४ घेतलं तर ८३ भागिले २४ म्हणजे ३.४५८, पुढचं ८४ भागिले २४ म्हणजे ३.५०. तरीही ३.४७ बसत नाही, म्हणजे शंका पक्की होत चालली. एकाऐवजी तीन-चार प्रश्नांची सरासरी घेतली असेल तर मात्र मधल्या किमती शक्य होतात, तेवढं पद्धतीच्या भागात वाचून घ्या. आणि माणसं शंभराच्या वर गेली की दोन दशांशांच्या सरासरीला ही चाचणी काहीच सांगत नाही.

निनावी की नावानिशी? आकडेमोड, चुकलेलं समीकरण, विसरलेला संदर्भ असलं काही असेल तर आधी लेखकाला ईमेल करा, दोन आठवडे थांबा, मग उघड लिहा, आणि नावानिशी लिहा. प्रतिमांची पुनरावृत्ती किंवा विदा (डेटा) बनवल्याची शंका असेल तर मात्र आधी लेखकाला कळवणं शहाणपणाचं नाही, कारण मूळ विदा "आवरून" ठेवायला तेवढाच वेळ मिळतो. तिथे जर्नलचा संपादक किंवा पबपीअर. आणि लिहिणारा कनिष्ठ असेल, लेखक त्याच क्षेत्रातला बडा असेल, तर निनावीच. याला भित्रेपणा म्हणणाऱ्यांची नोकरी सहसा कायमची असते.

सूत्रधार

वरची साधनं चांगली आहेत, पण चौथ्या प्रश्नाचं उत्तर त्यांत नाही. पबमेड कॉमन्स आठवतंय का? पबमेड या वैद्यक-जीवशास्त्राच्या पेपरसूचीवर प्रत्येक पेपरखाली टिप्पणीची सोय होती, २०१३ साली सुरू झाली, मागे खुद्द पबमेड चालवणारी अमेरिकन सरकारी संस्था एनसीबीआय, लिहिणारे नाव देणारे खरे संशोधक. २०१८ मध्ये बंद केली तेव्हा २ कोटी ८० लाख पेपरांपैकी फक्त ६ हजारांच्या आसपास पेपरांवर काही लिहिलं गेलं होतं. साधन उत्तम होतं आणि वाचकांचा तोटा नव्हता. पण कुठल्याही एका पेपरवर, अमुक दिवसापर्यंत, अमुक माणसाने लिहायचं आहे, असं काही ठरलेलं नव्हतं.

म्हणून गटाचे नियम असे ठेवा. झुलिपवर दोन चॅनेल. एकात कुणीही कितीही लिंका टाकाव्यात, पण प्रत्येकीसोबत तीन ओळी हव्यात: पेपर काय विचारतो, कशाच्या जोरावर उत्तर देतो, आणि टाकणाऱ्याला कुठे शंका आहे. तिसरी ओळ सक्तीची. ती लिहायची म्हणजे पेपर निदान चाळावा लागतो, म्हणून लिंकांचा पूर आपोआप ओसरतो. सारांश एआयकडून आणला तरी हरकत नाही, शंका स्वतःची हवी.

दुसऱ्या चॅनेलमध्ये पंधरवड्याला एकच पेपर. एक मांडणारा, एक हरकती घेणारा, दोघं आधीच ठरलेले. मांडणारा सोमवारी अडीचशे-तीनशे शब्द आणि तीन नेमके प्रश्न टाकतो. "तुम्हाला काय वाटतं?" हा प्रश्न नव्हे, त्याला उत्तर येत नाही. "आकृती २ मधल्या नियंत्रण गटात तापमान स्थिर ठेवलं नाही तरी ४ मधला निष्कर्ष टिकतो का?" याला येतं. हरकत घेणाऱ्याने बुधवारपर्यंत लिहायचं, बाकीच्यांनी शनिवारपर्यंत. रविवारी मांडणारा दहा ओळींचा निकाल लिहितो: काय पटलं, काय पटलं नाही, काय उघडं राहिलं. तो झोटेरोच्या नोंदीला टिपण म्हणून जोडायचा. तोच पेपर वर्षाने पुन्हा कुणी आणला तर सुरुवात तिथून होते.

चाळिसांपैकी सात-आठ जण नियमित लिहितील. बाकीचे वाचतील. हे ठीक आहे, त्यांना टोचू नका. पण मांडणाऱ्यांची पाळी त्याच तिघांवर येऊ लागली की गट तीन महिन्यांत झोपतो, त्यावर लक्ष ठेवा.

लेखकाला बोलवायचं असेल तर चर्चा संपल्यावर, निकाल आणि दोन-तीन उघडे प्रश्न ईमेलने पाठवून. आधीच बोलावलं तर सगळे सभ्य होतात आणि कुणी काही बोलत नाही.

मुक्तपरवाना

सूत्रधार यांच्याशी सहमत, फक्त शेवटच्या मुद्द्याला एक अपवाद. पेपर गटातल्याच कुणाचा प्रीप्रिंट असेल तर लेखक आधीपासून आत असतोच. तिथे हरकत घेणारा दुसऱ्या संस्थेतला हवा, आणि चर्चा आर्काइव्हवर चढवायच्या आधी व्हावी, नंतर नव्हे. आर्काइव्हवर एकदा जाहीर झालेली आवृत्ती पुसली जात नाही. पेपर मागे घेतला तरी जुनी प्रत उघडता येते.

आणि लाटेकमध्ये (पेपर मांडायची, कोडसारखी लिहायची प्रणाली) लिहिलं असेल तर तिथे मूळ सोर्स द्यावा लागतो आणि तो कुणालाही उतरवून घेता येतो. टक्क्याच्या चिन्हापुढे झाकून ठेवलेल्या ओळी, म्हणजे "हा आकडा पुन्हा तपासा", "रिव्ह्यूअर दोनला काय सांगायचं?" असल्या टिपा, त्यात जशाच्या तशा दिसतात. चढवण्याआधी त्या काढून टाका. न वापरलेल्या आकृत्यांच्या फाइलही.

अर्धविराम

शेवटची माहिती अगदी वेळेवर मिळाली, आमचा एक प्रीप्रिंट याच आठवड्यात जायचा आहे. झोटेरोमध्ये फक्त नोंदी आणि लिंका, झुलिपवर दोन चॅनेल, असं ठरवतोय. पहिल्या पेपरला हरकत घेणारा मिळालाय, मांडणारा अजून शोधतोय.